पेटीवाले गोविंदराव टेंबे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेकरिता मीही चार ओळी लिहाव्यात असा यंदा फार आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती द्यावी, तर त्या दरसाल पुष्कळ येतात. म्हणून ज्या माणसामुळे माझ्या हातची पेटी सुटता सुटता राहिली, त्या गोविंदराव टेंब्यांविषयी लिहिते.

माझे माहेर सांगलीचे. आजोबांची पेटी लग्नानंतर माझ्याबरोबर साताऱ्यास आली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून कित्येक वर्षे खाटेखाली पडून राहिली. मना कोणी केले नाही. पण पेटी म्हणजे गाणाऱ्याच्या मागे सूर धरायचे लाकूड, त्यात शिकायचे ते काय, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत. मंडळाचे भजन सुरू झाले तेव्हा ती बाहेर निघाली. त्याच सुमारास एका जाणत्या गृहस्थांनी चारचौघांत पेटीला नावे ठेवली. मनाला इतके लागले की मी ती पुन्हा खाटेखाली सारली. पुढे वाचनालयात टेंब्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हाती आले. स्वयंपाक आटोपून रोज थोडे थोडे वाचले.

गोविंदराव १८८१ साली जन्मले आणि वाढले कोल्हापुरात. त्या काळी कोल्हापूर म्हणजे गाण्याचे माहेरघर. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते. मुलाच्या कानावर पडायचे ते असे अस्सल गाणे. पेटी मात्र गोविंदराव आपल्या आपणच शिकले.

पेटी मूळची विलायती. १८४२ साली पॅरिसमध्ये तिची नोंदणी झाली. तिचा भाता पायाने हलवीत. पुढे कलकत्त्यात हातभात्याची पेटी निघाली, ती मांडी घालून बसणाऱ्यास सोयीची. तिकडे पियानो वाजविणारा एकटा रंगमंचावर बसतो आणि शेकडो लोक श्वास रोखून ऐकतात. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या बाजूस बसणार, मान सगळा गवयाचा. शिवाय पेटीत एक उणीव आहे, ती वाजविणारीला लगेच कळते. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिच्यात नाही. गळ्यातून जशी मींड ओढता येते तशी पेटीतून येत नाही, सुरावरून सुरावर उडीच मारावी लागते.

या उणिवेवर गोविंदरावांनी तोड काढली ती गाण्यातूनच. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरू मानले, त्यांच्या मागे बसून साथ केली आणि बुवांच्या गळ्यातले बोटांत उतरविले. नुसती साथच नव्हे, एकट्या पेटीची बैठकही ते रंगवीत. आपण भजनात पेटी वाजवितो तेव्हा गाणारीच्या तोंडाकडे पाहून बोटे टाकतो. तिच्या श्वासाबरोबर भाता हलका-जड करायचा हे मला फार उशिरा कळले. त्यांना ते विशीत कळले असावे.

१९११ साल उजाडले. खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळी करणार होती आणि चाली द्यायच्या होत्या गोविंदरावांनी. वय अवघे तिशीचे. नाटकातली पदे ठरीव वळणाने जात, त्यांत त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा आणला. लिहिणारे खाडिलकर सांगलीचे आणि भामिनी झालेले बालगंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे! माहेरचा अभिमान म्हणून एवढे सांगितले, सातारकरांनी रागावू नये. १२ मार्चला मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकताना दर वेळी त्या मुलीच्या आईची आठवण येते.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. गोविंदराव तिथे फार दिवस राहिले नाहीत. त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली, तीही पुढे बंद झाली. पैशाचा व्यवहार आणि कला एका हाती क्वचितच नांदतात, हे आपल्याला भिशीतही दिसते. पुढे बोलपट आला. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र तेच झाले आणि संगीतही त्यांचेच. दुर्गाबाई खोटे तारामती होत्या. म्हणजे पन्नाशीच्या माणसाने सगळे पुन्हा नव्याने शिकले.

आणि मग १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली. कारण तेच, तिच्यात मधला सूर नाही आणि ती परकी. ज्याने सारे आयुष्य या वाद्याला गाता करण्यात घालविले, त्याला हे साठीच्या उंबरठ्यावर ऐकावे लागले. ते लिहीत राहिले, चाली देत राहिले. अखेरच्या काळात त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र लिहिले. १९५५ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. रेडिओवरची बंदी सैल होऊ लागली ती १९७० नंतर, त्यांना ते पाहावयास मिळाले नाही.

हे वाचले त्या दुपारी मी खाटेखालून पेटी ओढली. भात्याला उंदराने भोक पाडले होते. मिरजेहून दुरुस्त करून आणली. गेल्या कोजागिरीस मंडळात भजनाआधी दहा मिनिटे मी एकटीने वाजविले, ते तुम्ही ऐकलेच आहे. दोनदा बोट चुकले. सासूबाई मात्र दूध निवून जाईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.