पावसची जांभी माती आणि लीबिगचं न विरघळणारं खत

पावसमध्ये मी माती-पाण्याचे नमुने तपासतो. हापूसचे बागायतदार मे महिन्यात हमखास विचारतात, एवढ्या पावसात पालाश वाहून नाही का जाणार? पावणेदोनशे वर्षांपूर्वी हीच काळजी एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला पडली होती, आणि त्याने काढलेला उपाय त्याला महागात पडला. त्याचं नाव युस्टुस फॉन लीबिग.

लीबिग १८०३ साली डार्मश्टाटला जन्मला. वडील रंग-रसायनांचा धंदा करायचे. पॅरिसला गे-ल्युसॅककडे शिकून तो २१ व्या वर्षी गीसनला प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करायचे, ही प्रयोगशाळेची पद्धत त्यानेच रुजवली. पिकाने मातीतून उचललेली खनिजं मातीला परत द्यायला हवीत, हे त्याने १८४० च्या पुस्तकात ठासून मांडलं.

मग १८४५ मध्ये त्याने इंग्लंडात स्वतःचं खत आणलं. पालाश पाण्यात विरघळतो, म्हणजे पावसाने जाणारच, असा त्याचा हिशोब. म्हणून त्याने क्षार भट्टीत वितळवून जवळपास न विरघळणारे केले. झालं काय, तर पिकालाही ते मिळेनात! खत सपशेल फसलं. एवढ्या मोठ्या माणसाची चारचौघांत शोभा झाली.

कोडं सुटलं १८५० मध्ये. इंग्लंडच्या रॉयल कृषी संस्थेचे रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांनी नळीत माती भरून वरून अमोनियम क्षाराचं पाणी ओतलं. अमोनियम मातीत राहिला, खालून कॅल्शियम बाहेर आला. तोही तोलास तोल. म्हणजे माती नुसती गाळणी नाही, ती अदलाबदल करते. लीबिगने आधी वे यांच्यावर टीकाच केली. ही अदलाबदल उलटीही होते, हे १८५८ मध्ये आयकहॉर्नने दाखवलं. शेवटी पुस्तकाच्या १८६२ च्या आवृत्तीत लीबिगने आपलं चुकल्याचं उघड मान्य केलं. मला तो सगळ्यात मोठा वाटतो तो इथे. १८७३ मध्ये म्युनिकला तो वारला.

आता यामागचं तंत्र बघू. चिकणमाती आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांवर ऋण भार असतो, त्याला धातूंचे धन आयन चिकटतात. दुसऱ्या आयनांची गर्दी झाली की पहिले जागा सोडतात. म्हणूनच आम्ही मातीवर अमोनियम अ‍ॅसिटेट टाकतो, सुटलेला पालाश द्रावणात येतो आणि फ्लेम फोटोमीटरवर मोजता येतो. पाण्यातले धातू वेगळे करायचे तर मातीऐवजी रेझिनचे बारीक मणी नळीत भरतात. पाणी सोडलं की धातू मण्यांना धरून बसतात. मग हळूहळू सौम्य आम्ल सोडायचं. ज्याची पकड सैल तो आधी उतरतो: सोडियम, मग पोटॅशियम, पाठोपाठ मॅग्नेशियम, शेवटी कॅल्शियम. प्रत्येकाचं भांडं वेगळं, त्यामुळे मोजताना एकाचा दुसऱ्याला त्रास नाही.

बागायतदारांची काळजी मात्र अगदीच खोटी नाही. आमच्या जांभ्या मातीत केओलिनाइट आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं जास्त, त्यामुळे काळ्या मातीपेक्षा आयन धरायच्या जागा कमी. त्यात रत्नागिरीचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. कॅल्शियम-पालाश निघून जातात, त्यांच्या जागी हायड्रोजन आणि अ‍ॅल्युमिनियम बसतात, माती आंबट होते. म्हणून मी सांगतो, बागेतला पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या आळ्यातच कुजू द्या. आयन धरायच्या जागा त्यानेच वाढतात.