कष्ट लपवायला शिकवणारा कास्तिल्योने कोण होता?

आपली कारागिरी दिसू देत नाही तीच खरी कला, अशा अर्थाचं एक लॅटिन वचन आहे: आर्स एस्ट सेलारे आर्टेम. ते रोमन कवी ओव्हिडच्या नावावर सर्रास खपवलं जातं, पण त्याच्या काव्यात ते या शब्दांत सापडत नाही. हा विचार युरोपच्या दरबारांत रुजवला तो बाल्दासारे कास्तिल्योने या इटालियन मुत्सद्द्याने.

त्याचा जन्म 1478 सालचा, मांतुआजवळच्या कासातिको गावातला. 1504 मध्ये तो उर्बिनोच्या दरबारात गेला. तिथला ड्यूक संधिवाताने बेजार असे आणि लवकर झोपायला जाई. मग त्याची पत्नी एलिझाबेत्ता हिच्या दालनात गप्पा रंगत. या गप्पांवरूनच कास्तिल्योनेला दरबारी माणसावरचं पुस्तक सुचलं. चार संध्याकाळच्या या संवादांत तो स्वतः नाहीच. आपण तेव्हा इंग्लंडला होतो, असं सांगून तो बाजूला होतो. लेखकाने लपावं ते असं!

पुस्तकातला गाजलेला शब्द म्हणजे 'स्प्रेत्सातुरा'. अवघड गोष्ट इतक्या सहज करायची, की त्यामागची मेहनत कोणाला जाणवूही नये. मात्र सहजतेचा आव आणला की तोही दिखाऊपणाच. बेफिकिरी दाखवण्यासाठी नाचताना अंगावरचा झगा खाली पडू देणाऱ्या माणसाची पुस्तकात म्हणूनच थट्टा आहे.

या सहज वाटणाऱ्या पुस्तकावर त्याने जवळपास वीस वर्षं घालवली. लिहायचं, बदलायचं, पुन्हा लिहायचं. त्याचा मित्र राफाएलने काढलेलं त्याचं चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातही करड्या-काळ्या कपड्यांचा कसलाच बडेजाव नाही.

पुढे पत्नी गेली. 1524 मध्ये पोपने त्याला आपला दूत म्हणून स्पेनला पाठवलं. 1527 मध्ये स्पेनचा राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्याच सैन्याने रोम लुटलं आणि वेळीच सावध केलं नाही, असा ठपका पोपने कास्तिल्योनेवर ठेवला. आयुष्यभर कष्ट झाकायला शिकवणाऱ्या माणसाला आता आपण काय काय केलं, हे सविस्तर लिहून कळवावं लागलं. पोपला त्याचं म्हणणं पटलं.

दरम्यान हस्तलिखिताच्या नकला परस्पर फिरू लागल्या होत्या, म्हणून त्याने घाईने पुस्तक छापायला दिलं. 1528 मध्ये ते व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी टोलेडोत तापाने त्याचा मृत्यू झाला.