हौदाच्या गणिताचे आचार्य

मनमाड जंक्शनवरून भुसावळकडे निघालेली गाडी नांदगाव मागे टाकून चाळीसगावला पोहोचते. रेल्वे भरतीच्या परीक्षेला निघालेल्या उमेदवारांच्या हातातील पुस्तकात काळ, काम आणि वेगाची गणिते असतात. अमुक नळ हौद इतक्या तासांत भरतो, तर सर्व नळ मिळून किती वेळात भरतील? या प्रश्नाचा एक थोर शिक्षक याच परिसराच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ते म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ सिद्ध केला. अंकगणिताला वाहिलेली 'लीलावती' हा त्याचाच एक भाग.

'लीलावती'त एका जलाशयाचे उदाहरण आहे. चार झरे स्वतंत्रपणे सोडले असता तो अनुक्रमे एक दिवसात, अर्ध्या दिवसात, एक तृतीयांश दिवसात आणि एक षष्ठांश दिवसात भरतो. चारही झरे एकाच वेळी सोडल्यास किती वेळ लागेल? येथे वेळांची बेरीज करणारा हमखास चुकतो. बेरीज करायची ती एका दिवसाच्या कामाची. पहिला झरा दिवसभरात जलाशय एकदा भरेल, दुसरा दोनदा, तिसरा तीनदा आणि चौथा सहा वेळा. एकूण बारा वेळा. म्हणून एक जलाशय दिवसाच्या बाराव्या भागात, म्हणजे दोन तासांत भरेल. आज परीक्षार्थी झटपट सूत्र म्हणून जे पाठ करतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. ते उमगले की नळांच्या जागी मजूर आले तरी उमेदवार अडत नाही.

भास्कराचार्यांचे लेखन एवढ्यावर थांबले नाही. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले.

या चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चाळीसगावजवळील पाटणे येथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ च्या सुमारास त्याला दान दिले. तेथील शिलालेखात याची नोंद असून त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. घाण्यामागे ठरावीक तेल मठाला द्यावे, अशी तरतूदही त्यात आढळते. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

'लीलावती'चा प्रवास मात्र कधी खंडित झाला नाही. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

पाटण्याचा मठ आज उरलेला नाही. गणित मात्र शिल्लक आहे. भरती परीक्षेतील त्या एका प्रश्नासाठी उमेदवाराला जेमतेम मिनिटभर मिळते. त्या मिनिटात आठवलेले सूत्र दगा देऊ शकते, पण समजलेले तत्त्व देत नाही.