कानात पाणी घातल्यावर चक्कर का येते हे शोधलं आणि युद्धकैदेत असताना नोबेल मिळालं

कोल्हापूरहून कोकणात उतरायचं म्हणजे गगनबावडा ओलांडून करूळ घाट आला. वळणं सुरू झाली की एसटीत कुणी खिडकी गाठतं, कुणी लिंबू हुंगतं, कुणी डोळे गच्च मिटून बसतं. घरात बसल्या बसल्या चक्कर आली तरी आपले अंदाज ठरलेले असतात. पित्त झालं असेल, बीपी वाढलं असेल, नाहीतर अशक्तपणा. कानाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं.

पण तोल सांभाळायचं मोठं काम कानात चालतं. आणि ते काम नीट चाललंय का हे तपासायची सोपी पद्धत ज्या माणसाने शोधली, त्यांचं नाव रॉबर्ट बारानी.

२२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना हाडांचा टीबी झाला आणि एक गुडघा कायमचा आखडला. गडी मात्र त्या पायानिशी टेनिस खेळायचा, डोंगर चढायचा. १९०० साली ते डॉक्टर झाले, जर्मनीत थोडं शिकून आले आणि १९०३ मध्ये व्हिएन्नाच्या कानाच्या क्लिनिकमध्ये लागले. तिथले प्रमुख होते अ‍ॅडम पोलिट्झर, त्या काळातलं कानाच्या आजारातलं मोठं नाव.

तेव्हा कान वाहणं ही किरकोळ गोष्ट नव्हती. अँटिबायोटिक्स यायला अजून काही दशकं होती. मधल्या कानातला पू आतल्या कानात शिरला आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला, तर माणूस हातचा जायचा. ऑपरेशन कुठवर करायचं हे ठरवण्याआधी आतला कान जिवंत आहे की मेलाय हे कळायला हवं. ऐकू येतंय का हे तपासता यायचं, पण तोलाचा भाग बघायचा कसा? पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्येच सांगितलं होतं की चक्कर कानातूनही येऊ शकते. पण ज्या पेशंटचा कान बिघडलाय त्याचा नेमका कुठला कान आणि किती, हे सांगणारी साधी तपासणी हाताशी नव्हती.

क्लिनिकमध्ये रोजचं एक काम असायचं, पिचकारीने पाणी मारून कान धुणे. धुताना पुष्कळ पेशंटना गरगरायचं. बारानींनी त्यांच्या डोळ्यांकडे बघायला सुरुवात केली. बुबुळं एका बाजूला सावकाश सरकायची आणि झटक्यात परत यायची, पुन्हा पुन्हा. डॉक्टरी भाषेत याला निस्टॅग्मस म्हणतात. हे दिसायचं सगळ्यांनाच, फक्त कारण कुणाला नीट उमगत नव्हतं.

अशात एका पेशंटने तक्रार केली की पाणी पुरेसं कोमट नसलं की आपल्याला गरगरतं. पुढे एकदा पाणी जास्तच गरम पडलं. चक्कर तेव्हाही आली, पण बुबुळं उलट्या दिशेला झटके देत होती! म्हणजे प्रश्न पाण्याच्या धारेचा नव्हताच, तापमानाचा होता. अंगाइतकंच कोमट पाणी घातलं की काहीच होत नव्हतं.

आता कानाच्या आत पाणी जातच नाही, मध्ये पडदा असतो. मग आत घडतं काय? इथे बारानींना आठवला आंघोळीच्या पाण्याचा बंब. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, जुन्या घरांच्या न्हाणीत तांब्याचा बंब असायचाच. पाणी तापलं की गरम पाणी वर चढतं आणि गार पाणी तळाला बसतं.

आतल्या कानात तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यात द्रव भरलेला असतो. आपण डोकं फिरवलं की हा द्रव जरा मागे रेंगाळतो, नळीतल्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं फिरलं. यातली आडवी नळी बाहेरच्या कानाला सगळ्यात जवळची. गार पाणी घातलं की तिच्यातला द्रव गार होऊन खाली सरकतो, गरम घातलं की वर चढतो. डोकं जागेवर असतं, पण मेंदूला वाटतं आपण फिरतोय. आणि पाणी घालूनही बुबुळं हलली नाहीत, तर त्या बाजूची नळी काम करत नाही.

१९०६ साली त्यांनी हे सगळं सविस्तर छापलं. पिचकारी आणि गार-गरम पाणी, एवढ्या भांडवलावर सर्जनला आतल्या कानाची खबर मिळायला लागली. (घरी करून बघायचा हा प्रयोग नाही. पडद्याला भोक असेल तर कानात पाणी घालणं महागात पडतं.)

मग पहिलं महायुद्ध पेटलं. आखडलेल्या गुडघ्याचे बारानी ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून गेले. त्यांची नेमणूक प्शेमिश्लच्या किल्ल्यात होती, आज ते शहर पोलंडमध्ये आहे. रशियन फौजांनी किल्ल्याला वेढा घातला. आतलं अन्न संपत आलं आणि मार्च १९१५ मध्ये किल्ला पडला. बारानी कैद झाले आणि त्यांची रवानगी झाली मध्य आशियातल्या मर्वला, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात. तिथे त्यांना मलेरियाने गाठलं. डॉक्टरकी मात्र कैदेतही चालू राहिली.

त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये जाहीर झालं की १९१४ चं राखून ठेवलेलं वैद्यकशास्त्राचं नोबेल रॉबर्ट बारानींना. विजेता कैदेत! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे थेट रशियाच्या झारकडे शब्द टाकला. १९१६ मध्ये बारानी सुटले आणि स्वीडनच्या राजाच्या हातून पुरस्कार घेतला.

व्हिएन्नाला परतल्यावर हारतुरे मिळतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. आपल्या आधी काम केलेल्यांना त्यांनी योग्य श्रेय दिलं नाही, असा आरोप तिथल्या सहकाऱ्यांनी केला. आधीच्यांचं काम होतं हे खरं, पण तुकडे जोडून तपासणी उभी केली ती बारानींनीच. वैतागून १९१७ मध्ये त्यांनी स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठाची वाट धरली.

तिथेही काम थांबलं नाही. १९२१ मध्ये त्यांनी अशा चक्करेचं वर्णन केलं, जी डोकं ठरावीक बाजूला नेलं की येते आणि थोड्या वेळात जाते. कूस बदलली की खोली फिरते, ही तक्रार आजही डॉक्टरांकडे फार येते. ८ एप्रिल १९३६ रोजी, साठी पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, ते उपसालात वारले.

त्यांची तपासणी पुढे पक्की झाली. १९४२ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्याचं तापमान ठरवलं गेलं, गार ३० अंश आणि गरम ४४ अंश. बंबाच्या तत्त्वाची खरी परीक्षा मात्र १९८३ मध्ये अंतराळात झाली. वजनरहित अवस्थेत गरम वर आणि गार खाली हा प्रकारच नसतो, म्हणजे तिथे बुबुळं हलायला नकोत. स्पेसलॅबमध्ये अंतराळवीरांच्या कानाला गार-गरम देऊन पाहिलं, तर ती हलली. तापमानाचा आतल्या कानावर आणखी कुठल्या तरी वाटेने परिणाम होतो, हे तेव्हा कळलं. कानाच्या दवाखान्यांत तपासणी अजूनही बारानींचीच वापरतात.