न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी आणि अंजुमनची शाळा

वाचकहो, करंजाहून मोऱ्याला जाऊन लाँचने भाऊचा धक्का आणि तेथून बोरीबंदर गाठलेत, की स्थानकासमोर अंजुमन-ए-इस्लामची घुमटदार इमारत दिसते. आपल्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. ती उभारणाऱ्यांविषयी मात्र घरात क्वचितच बोलणे होते.

मुलाला मदरशात घालावे की शाळेत, असे पालक मला मशिदीत दरवर्षी विचारतात. हा प्रश्न बदरुद्दीन तय्यबजींच्या वडिलांसमोरही होता. त्यांनी निवड केलीच नाही. १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईतील सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात जन्मलेला हा मुलगा आधी मदरशात उर्दू व फारसी शिकला, मग एल्फिन्स्टनमध्ये गेला आणि १८६० साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, विलायतेस रवाना झाला. डोळ्यांच्या विकाराने मध्येच परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबईच्या उच्च न्यायालयातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

त्यांनी १८७४ मध्ये वडीलबंधू कमरुद्दीन आदींसह अंजुमन स्थापन केली. संस्थापकांत नाखुदा महंमद अली रोगे हे जहाजमालक होते, आपल्याच कोकणी बिरादरीतले. दर्यावर्दी घराण्याचा पैसा शाळेसाठी खर्च झाला, हे करंजाच्या वाचकांनी जरूर ध्यानी घ्यावे. शाळा १८८० साली भरू लागली. इंग्रजीविना आपली मुले मागे पडतील आणि दीनी तालीम व उर्दूविना ती परकी होतील, अशी तय्यबजींची धारणा होती. म्हणून दोन्ही विद्या एकाच छपराखाली आणल्या गेल्या. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सरकारी शाळांतील उणिवा दाखवल्या, तशा आपल्या समाजाच्याही दाखवल्या. गतवैभवाचा अभिमान आणि बदललेल्या काळाविषयीची बेफिकिरी त्यांना बोचत असे. नव्या इमारतीची पायाभरणी १८९० मध्ये झाली, ती १८९३ मध्ये खुली झाली.

१८८७ साली मद्रासला ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांना ते रुचले नाही. दोघांचा पत्रव्यवहार कडक झाला. तरीही सर सय्यदांनीच सुरू केलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अध्यक्षपद तय्यबजींनी १९०३ मध्ये मुंबईत स्वीकारले. मतभेद राजकारणाचा होता, तालीम दोघांचीही होती.

१८९५ पासून ते उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन आधी नाकारला गेला होता. तो तय्यबजींनी मंजूर केला.

आपल्या मुलींनाही त्यांनी शाळेत पाठवले. पडद्याविषयीची त्यांची मते पुष्कळ उलमांना मान्य नव्हती, आणि मीही त्यांच्याशी पूर्णतः सहमत नाही. पण मुलीचे शिक्षण लांबणीवर टाकताना पडद्याची सबब सांगणाऱ्या पालकाला मी याच घराचा दाखला देतो.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. अंजुमनची शाळा आजही भरते.