थंड प्रकाशाचा शोधक : रॉबर्ट बॉईल

रॉबर्ट बॉईल ह्याचें नांव पदार्थविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचें आहे. तापमान तेंच असतां वायूवरील दाब जितका वाढवावा तितकें त्याचें आकारमान घटतें, हा त्याचा १६६२ सालचा नियम आपण वर्गांत पाठ करितों. परंतु ह्याच पुरुषानें अंधारांत आपोआप प्रकाशणारा द्रव आपल्या बहिणीच्या घरीं राहून तयार केला होता, ही हकीकत शाळेच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं.

बॉईलचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजीं आयर्लंडांतील लिस्मोरच्या किल्ल्यांत झाला. कॉर्कचा अर्ल ह्या अत्यंत धनाढ्य सरदाराचें तो चौदावें अपत्य. ईटन येथें थोडें शिक्षण, नंतर युरोपचा प्रवास, आणि मग जन्मभर विद्याव्यासंग. बोलतांना त्याची जीभ अडखळे. दृष्टि अधू झाल्यामुळें लेखनाचें पुष्कळसें काम तो लेखनिकांकडून करून घेई. १६५५ सालीं त्यानें एक निनावी निबंध प्रसिद्ध केला. औषधांच्या गुप्त कृति ज्यांस ठाऊक आहेत त्यांनीं त्या लोकहितार्थ मोकळेपणानें सांगाव्या, असा त्याचा आशय होता. वाचकांनीं हा निबंध ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

प्रकाशणाऱ्या वस्तूंचें त्याला विलक्षण कुतूहल. मेक्सिकोहून येणाऱ्या एका औषधी लाकडाच्या ढलप्या पाण्यांत भिजत घातल्या कीं तें पाणी एका बाजूनें सोनेरी व दुसऱ्या बाजूनें निळें दिसतें. त्यांत आम्ल टाकलें तर निळी झांक नाहींशी होते व क्षार टाकतांच परत येते, असें त्यानें १६६४ सालीं लिहून ठेविलें. पावसाळ्यांत भीमाशंकराच्या रानांत कुजक्या लाकडांवर फिकट उजेड दिसतो. असेंच उजेड देणारें एक लाकूड त्यानें १६६७ सालीं कांचेच्या पात्रांत ठेवून आंतील हवा पंपानें काढून घेतली. उजेड मावळला. हवा पुन्हां आंत सोडतांच तो परतला! १६७२ सालीं तर घरच्या कोठींत टांगलेलें मांस रात्रीं चमकूं लागलें. नोकरमाणसें घाबरलीं, बॉईल मात्र पडशानें बेजार असूनहि त्याचें निरीक्षण करीत बसला.

ह्या वेळीं तो लंडनमध्यें पॅल मॅल रस्त्यावर आपली वडील बहीण कॅथरीन, लेडी रॅनेला, हिच्या घरीं राहत असे. १६७७ च्या सप्टेंबर महिन्यांत योहान डॅनियल क्राफ्ट नांवाचा जर्मन गृहस्थ तेथें आला. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांट ह्यास सोनें करण्याच्या नादांत मूत्र आटवितां आटवितां १६६९ सालीं फॉस्फरस सांपडला होता. तो माल क्राफ्टनें ब्रांटला २०० थेलर देऊन मिळविला आणि राजेरजवाड्यांपुढें त्याचे खेळ चालविले. बॉईलच्या घरीं संध्याकाळीं खिडक्या लावून घेतल्या, मेणबत्त्या दूर नेल्या. कांचेच्या एका गोलांत दोन-तीन चमचे द्रव होता, तेवढ्यानें सारा गोल उजळला. क्राफ्टनें बोटानें कागदावर अक्षरें काढलीं, तीं अंधारांत झळकलीं; गालिच्यावर उडविलेले कण ताऱ्यांसारखे लुकलुकले, आणि गालिचा कोठेंहि जळाला नाहीं. कृति मात्र त्यानें सांगितली नाहीं. मनुष्याच्या शरीरांतील एका वस्तूपासून हें होतें, एवढेंच त्याच्याकडून कळलें.

बॉईलनें मूत्राचा तर्क केला, तो बरोबर होता. पण आटवून व ऊर्ध्वपातन करून हातीं कांहीं लागेना. तेव्हां त्याचा तरुण जर्मन मदतनीस अँब्रोझ गॉडफ्रे हा हॅम्बुर्गास ब्रांटकडे गेला, व आंच फार प्रखर लागते एवढें ज्ञान घेऊन परतला. त्यानंतर एकदां तर भट्टींत भांडेंच तडकलें. परंतु बॉईलनें पाहिलें तों उरलेला गाळ अंधारांत चमकत होता! ह्या धाग्यावरून १६८० सालीं त्याला यश आलें. दाट आटविलेलें मूत्र वाळूंत मिसळून तासन् तास तापवावयाचें आणि निघणारी वाफ पाण्यांत धरावयाची, अशी ती कृति होती. त्याच्या बाटलींतील द्रव बूच बंद असतां काळोखा राही, व हवा आंत शिरतांच उजळे. म्हणून त्यानें त्याला हवेंतील निशादीप अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. क्राफ्टनें ह्याच वस्तूचा तमाशा केला होता. बॉईलनें तिला प्रश्न विचारले. प्रकाशास हवा कां लागते, हें मात्र त्याला उमगणें शक्य नव्हतें, कारण प्राणवायूचा शोध लागावयास आणखी सुमारें शंभर वर्षें होतीं. फॉस्फरसची प्राणवायूशीं गांठ पडून क्षणभर टिकणारे जे रेणु उत्पन्न होतात त्यांचा हा प्रकाश, असा उलगडा १९७४ सालीं झाला.

आतां तो निबंध आठवावा. १६८० च्या ऑक्टोबरांत बॉईलनें आपली कृति लिहून काढली, आणि तें पत्र मोहोरबंद करून रॉयल सोसायटीच्या स्वाधीन केलें. द्रवाचे गुणधर्म त्यानें त्याच वर्षीं पुस्तकरूपानें जगास सांगितले. पाकक्रिया झांकून ठेविली. शोधाचा मान दुसऱ्यानें लाटूं नये ही चिंता समजण्याजोगी आहे. तथापि इतरांनीं गुपितें उघड करावीं असें पंचवीस वर्षांपूर्वीं सांगणाऱ्या गृहस्थास तें शोभलें असें आम्हांस वाटत नाहीं. गॉडफ्रेनें तर ह्या विद्येवर व्यापारच थाटला, व फॉस्फरस औंसास तीन पौंड ह्या दरानें विकला.

हें वाचून कोणास घरीं मूत्र आटविण्याची हौस आली तर ती आवरावी. पांढरा फॉस्फरस जहाल विष असून हवेंत आपोआप पेट घेतो. आगकाड्यांच्या कारखान्यांत त्याच्या वाफेनें कामकऱ्यांचीं जबड्याचीं हाडें कुजत. म्हणून १९०६ सालीं बर्न येथें राष्ट्राराष्ट्रांत करार झाला, आणि १९१३ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतहि तसल्या काड्यांस बंदी झाली. घरीं पाहावयाचेंच असेल तर कोयनेलयुक्त टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखालीं धरावें. तें सुंदर निळें दिसतें. दिवा मालवला कीं तेंहि मालवतें, कारण तें बॉईलच्या निशादीपाचें नव्हे, तर त्या मेक्सिकन लाकडाच्या पाण्याचें भावंड आहे.

२३ डिसेंबर १६९१ रोजीं कॅथरीन वारली. बॉईल तिच्यामागें आठवडाभरच जगला. त्याच्या पश्चात् तें मोहोरबंद पत्र उघडण्यांत आलें व १६९३ सालीं छापलें गेलें. कृति अशी सर्वांच्या हातीं आली. तरी पुढें कित्येक वर्षें युरोपांतील लोक उत्तम फॉस्फरस हवा असला कीं लंडनला गॉडफ्रेच्याच दुकानाकडे मागणी पाठवीत.