काडीकचऱ्याचें मोल जाणणारे सर आल्बर्ट हॉवर्ड

पऱ्हाट्या बांधावर जाळाव्या, शेणाच्या गोवऱ्या थापाव्या आणि गोमूत्र गोठ्याच्या जमिनींत मुरूं द्यावें, हा अनेक खेड्यांतील जुना क्रम आहे. मग शेत दरवर्षीं उणें कां देतें, असें आपण एकमेकांस विचारतों. ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठीं ज्यांनीं हिंदुस्थानांत सव्वीस वर्षें वेंचलीं, त्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

आल्बर्ट हॉवर्ड ह्यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लंडन व केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर १८९९ सालीं त्यांस वेस्ट इंडीज बेटांत उंसावरील बुरशीचे रोग तपासण्याचें काम मिळालें. तेथें पुस्तकें होतीं, सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. परंतु सुचविलेला उपाय स्वतः करून पाहण्यास वीतभर जमीन नव्हती. जो स्वतः पीक काढीत नाहीं त्यानें शेतकऱ्यास काय शिकवावें, ही खंत त्यांच्या मनांत राहिली.

१९०५ सालीं ते बिहारांतील पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षीं गॅब्रिएल मॅथाई ह्या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः केंब्रिज येथील नांवाजलेल्या संशोधक असून पुढें पंचवीस वर्षें त्यांनीं पतीच्या बरोबरीनें काम केलें. ह्या दांपत्यानें तयार केलेल्या गव्हाच्या जाती दूरवर पेरल्या गेल्या. पुसा येथें हॉवर्ड ह्यांस सुमारें ७५ एकर जमीन मिळाली. भोवतालच्या शेतकऱ्यांचीं पिकें औषधावांचून बहुधा निरोगी असतात, असें त्यांस दिसून आलें. तेव्हां त्यांनीं त्या शेतकऱ्यांसच गुरु केलें. मोठ्या विद्यापीठाच्या पंडितानें निरक्षर माणसापाशीं शिकावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

पुसा येथें प्रत्येक शास्त्राची खोली निराळी होती. कीटकांचा जाणता कीटक पाही, रसायनज्ञ माती पाही. अवघें शेत कोणी पाहत नसे. माती, झाड, जनावर व मनुष्य हा एकच विषय आहे, असें हॉवर्ड ह्यांस वाटे. म्हणून १९२४ सालीं इंदूर येथें नवी संशोधनसंस्था निघाली, तेव्हां तेथें त्यांनीं सर्व शास्त्रें एका शेतावर आणिलीं.

तेथें यशवंत वाड ह्या सहकाऱ्यासह, चिनी शेतकऱ्यांच्या प्राचीन अनुभवास रसायनशास्त्राची जोड देऊन, त्यांनीं खताची इंदूर पद्धत सिद्ध केली. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखालीं चुरीत. ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यांत काडीकचऱ्याचे थर घालून त्यांवर थोडें शेण, गोमूत्र शोषलेली गोठ्याची माती व लांकडाची राख पसरीत आणि पाणी शिंपडीत. काडींत कर्ब पुष्कळ व नत्र थोडा असतो. तो नत्र शेण व गोमूत्र पुरवितात. हवा व ओल मिळाली म्हणजे बुरशी व सूक्ष्म जंतु वाढून रास तापते व काडी कुजते. म्हणून रास तुडवीत नसत, आणि तीन वेळां वरखालीं करीत. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत तयार होई. शेण थोडें असलें तरी गोमूत्राच्या मातीनें काम भागे.

१९३० सालीं पत्नी निवर्तल्या. पुढील वर्षीं हॉवर्ड व वाड ह्यांचा ह्या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हॉवर्ड स्वदेशीं परतले. १९३४ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. आसाम व सिलोन येथील चहाच्या मळ्यांत व केनियांतील कॉफीच्या मळ्यांत त्यांची पद्धत पोहोंचली. सकस मातींतील पिकांस व गुरांस रोग जवळजवळ होतच नाहींत, हें त्यांचें मत पुष्कळ शास्त्रज्ञांनीं पूर्णपणें मान्य केलें नाहीं. परंतु कुजलेल्या खतानें मातीचा कस टिकतो, ह्याविषयीं आज वाद नाहीं. २० ऑक्टोबर १९४७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

ह्या विद्येस विकतचें कांहीं लागत नाहीं. खड्डा, पाणी व हात पुरे. पुढच्या हंगामांत पऱ्हाट्यांस काडी लावण्यापूर्वीं, वाचकहो, शेताचेंच अन्न आपण जाळीत आहों, हें क्षणभर मनांत आणावें.